पुढच्या बाजूची गाठ : प्रोस्टेट कॅन्सर आणि एमआरआय, एक प्रकरण अभ्यास

मी मूत्ररोग शल्यचिकित्सक आहे, दक्षिण महाराष्ट्रात काम करतो. पुढची हकीकत माझ्या एका रुग्णाची आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत. तपासण्यांचा क्रम आणि झालेल्या चुका तशाच ठेवल्या आहेत, कारण हे लिहिण्याचं कारणच त्या चुका आहेत.

पार्श्वभूमी

काका ६४ वर्षांचे. साखर कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात गेली, आता घरचा दोन एकर ऊस बघतात. मुलगा पुण्यात नोकरीला. मला भेटण्याच्या तीन वर्षं आधी त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. धार बारीक पडायची, रात्री चार-पाचदा उठावं लागायचं. दुसऱ्या शहरात दाखवलं तेव्हा रक्तातलं पीएसए ६.८ निघालं आणि सोनोग्राफीत प्रोस्टेट (पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी) ५८ सीसीची.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींमध्ये तयार होणारं प्रथिन. कॅन्सरमध्ये ते रक्तात वाढतं. पण ग्रंथी वयोमानाने साधी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली किंवा नळी घातली तरीही ते वाढतं. म्हणजे ६.८ या आकड्यावरून कॅन्सर आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही.

तिथे काकांची बायोप्सी झाली. गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून, सुईने ठरावीक जागचे १२ तुकडे काढले. रिपोर्ट आला : ग्रंथीची साधी वाढ, जुनी सूज, कॅन्सर नाही. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या दिवशी काकांना हुडहुडी भरून ताप आला, रक्तदाब उतरला, सहा दिवस दवाखान्यात काढावे लागले. सुई गुदद्वाराच्या भिंतीतून जाते, तेव्हा आतड्यातले जंतू सोबत जाऊ शकतात. काकांच्या लघवीत आणि रक्तात वाढलेला ई. कोलाय हा जंतू सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाला दाद देणारा नव्हता. आपल्याकडे असे जंतू सर्रास आढळतात.

पुढे टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइडची एकत्रित गोळी सुरू झाली. त्रास कमी झाला. त्या घराने मात्र दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या : कॅन्सर नाही, आणि बायोप्सी पुन्हा कधीच नाही.

अडचण

काका माझ्याकडे आले ते गोळ्या लिहून घ्यायला. गोळी सुरू झाल्यावर वर्षाच्या आत केलेलं पीएसए २.६ होतं, नुकतंच केलेलं ३.१. रिपोर्टवर ‘सामान्य : ० ते ४’ असं छापलेलं. मी आकडा पाहिला, त्रास विचारला, गोळ्या चालू ठेवल्या आणि त्यांना घरी पाठवलं. ही माझी चूक होती, आणि ती मला आठ महिन्यांनी कळली.

ड्युटास्टेराइड आणि फिनास्टेराइड ही औषधं प्रोस्टेट आकसवतात, आणि साधारण सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्म्यावर आणतात. म्हणून ही गोळी चालू असलेल्या माणसाचा आकडा दुपटीने वाचायचा असतो. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे गोळीमुळे पीएसए जिथपर्यंत उतरलं तिथून ते पुन्हा चढू लागलं, तर तो चढ ‘सामान्य’ मर्यादेच्या आत असला तरी सोडून द्यायचा नसतो. गोळी नियमित चालू आहे ना, हे मात्र आधी विचारावं, कारण गोळी मध्येच सोडली तरी आकडा वर जातो. काकांच्या गोळ्या काकू रोज रात्री जेवणानंतर हातावर ठेवायच्या. एकही चुकली नव्हती. (केस गळतात म्हणून घेतलेल्या फिनास्टेराइडच्या छोट्या गोळीनेही पीएसए उतरतं, आणि ती गोळी घेतो हे डॉक्टरला सांगायचं कुणाच्या लक्षातच येत नाही.)

आठ महिन्यांनी काका ३.९ घेऊन आले. रिपोर्टवर तेव्हाही कुठे ठळक खूण नव्हती. मी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पोटात गोळा आला. २.६, ३.१, ३.९. दुपटीने वाचलं तर ५.२, ६.२, ७.८. बोटाने केलेल्या तपासणीत काहीच लागलं नाही. लघवी कल्चरला पाठवली, तीत जंतू नव्हते. महिन्याने पुन्हा पीएसए केलं : ४.०.

मी काका-काकूंना समोर बसवून सांगितलं की आधीचा आकडा मी हवा तसा वाचला नव्हता, आणि आता पुढची तपासणी करावी लागेल. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “डॉक्टर, काय बी करा, पण ती सुई नगं.”

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे वाट बघणं. कॅन्सर असलाच तर तो बहुधा सावकाश वाढणारा असतो, त्यामुळे सहा महिने थांबणं हा काही वेडेपणा नव्हता. पण आकडा सलग चढत होता आणि आठ महिने आधीच माझ्याकडून वाया गेले होते.

ड्युटास्टेराइड बंद करून खरा आकडा किती ते बघा, असा एक सल्ला मिळाला. तो मी मानला नाही. आकडा वर यायला कित्येक महिने लागतात, लघवीचा त्रास परततो, आणि जे कळणार ते दोनाने गुणून आत्ताच कळत होतं.

मुलाने पीएसएमए पेट स्कॅनबद्दल वाचलं होतं. कॅन्सर ठरल्यावर तो शरीरात कुठवर पसरलाय हे बघायला ती तपासणी फार चांगली. कॅन्सर आहे की नाही हेच ठरायचं असताना ती पहिली पायरी होत नाही.

उरले दोन : पुन्हा तशीच १२ तुकड्यांची बायोप्सी, किंवा आधी एमआरआय.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. सोनोग्राफीत प्रोस्टेटची कड दिसते, आकार दिसतो, पण कॅन्सरची गाठ बऱ्याचदा वेगळी दिसतच नाही. त्यामुळे ठरावीक जागचे १२ तुकडे काढणं म्हणजे शेतात कुठेही बारा ठिकाणी बोअर मारून बघण्यासारखं आहे. ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासात ५७६ पुरुषांची एमआरआयही केली, सोनोग्राफीवरची नेहमीची बायोप्सीही केली, आणि खरं काय ते ठरवायला ग्रंथीतून दर पाच मिलिमीटरवर तुकडे घेतले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. उपचाराची गरज पडावी अशा कॅन्सरपैकी एमआरआयने ९३ टक्के पकडले, नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के. पुढच्याच वर्षी ११ देशांतल्या ५०० पुरुषांवरच्या प्रिसिजन अभ्यासात दिसलं की आधी एमआरआय करून, संशयित जागेतूनच तुकडे घेतले तर महत्त्वाचे कॅन्सर ३८ टक्के लोकांत सापडतात, नेहमीच्या पद्धतीने २६ टक्के लोकांत. ज्यांचा शोध लागून उगाच घोर लागतो असे बिनमहत्त्वाचे कॅन्सर मात्र २२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. एमआरआय गटातल्या २८ टक्के लोकांना सुई टोचावीच लागली नाही.

हे दोन्ही अभ्यास पहिल्यांदाच बायोप्सी होणाऱ्यांवरचे होते, काकांची एक होऊन गेली होती. पण एक बायोप्सी कोरी निघाली आणि संशय उरला, तर दुसरीच्या आधी एमआरआय करावी, यावर तज्ज्ञांचं फारसं दुमत नाही. एमआरआयचा कमकुवतपणाही मी त्यांना सांगितला. प्रॉमिसमध्ये तिची विशिष्टता ४१ टक्केच होती. म्हणजे ती पुष्कळदा नसलेल्या ठिकाणी बोट दाखवते. जुनी सूज आणि आपल्याकडचा क्षयरोग प्रोस्टेटमध्ये हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो. तेव्हा एमआरआयमध्ये काही दिसलंच तर सुईला पर्याय नाही, हे आधीच बोलून ठेवलं. काका म्हणाले, “दिसलं तर बघू.” मीही तेवढ्यावर थांबलो.

पहिली एमआरआय

मुलाने घाई केली आणि पुण्यात दोन दिवसांत एमआरआय करून घेतली. रिपोर्ट : प्रोस्टेट वाढलेली, गाठ दिसत नाही. फोनवर त्याच्या आवाजातला आनंद मला ऐकू येत होता.

मी चित्रं मागवली. ती एमआरआय सबंध कंबरेची होती, प्रोस्टेटची नव्हती. पाच मिलिमीटर जाडीचे काप, डिफ्युजनची (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारी) चित्रं कमी ताकदीची, आणि गुदाशयात भरलेल्या वायूमुळे नेमका प्रोस्टेटचाच भाग ताणून वाकडा झालेला. रिपोर्टमध्ये पाय-रॅड्सचा, म्हणजे कॅन्सरचा संशय किती हे १ ते ५ मध्ये सांगणारा, गुणांकही नव्हता.

निर्णयाची सगळ्यात अवघड जागा ही होती. खर्च झाला होता, रिपोर्ट ‘नॉर्मल’ होता, घरच्यांना तोच हवा होता. तो मान्य करून सहा महिन्यांनी या म्हटलं असतं तर कुणीही मला दोष दिला नसता. पण जे नीट बघितलंच गेलं नाही, ते ‘दिसत नाही’ असं म्हणायचं कसं? मी मुलाला सांगितलं, पुन्हा करावी लागेल. तो चिडला. “सर, मशीन तर तेच असतं ना?” मशीन तेच असतं, पण त्यावर काय आणि कसं काढायचं हे ठरवावं लागतं, हे सांगायला अर्धा तास गेला. चूक त्याची नव्हतीच. मी चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय’ लिहून दिलं होतं.

दुसरी एमआरआय

या वेळी मिरजेला, रेडिओलॉजिस्टशी आधी बोलून. चिठ्ठीवर लिहिलं : मल्टिपॅरामेट्रिक (अनेक प्रकारची चित्रं एकत्र काढणारी) एमआरआय प्रोस्टेट, आधीची बायोप्सी कधी झाली, ड्युटास्टेराइड किती वर्षं चालू आहे, पीएसएचे सगळे आकडे, आणि प्रश्न, ‘पुढच्या भागात गाठ आहे का?’ बायोप्सीनंतर आत रक्त साकळलेलं असतं आणि ते चित्रात गोंधळ घालतं, म्हणून किमान सहा ते आठ आठवडे थांबतात. काकांच्या बाबतीत तीन वर्षं उलटली होती. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ठीक होतं, त्यामुळे कॉन्ट्रास्टची, म्हणजे चित्र उठावदार करणाऱ्या इंजेक्शनची, अडचण नव्हती.

आत नेण्याआधी टेक्निशियनने नेहमीची यादी विचारली. पेसमेकर आहे का, सांध्यात धातू आहे का. मग विचारलं, “काका, कामात कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का?” काका हसून म्हणाले, “ग्राइंडरवर काम केल्यालं, शंभरदा गेला आसंल.” चुंबकाच्या ओढीने डोळ्यातला बारीकसा लोखंडी कण हलला तर नजर जाऊ शकते. त्यामुळे आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढला. काही नव्हतं, मग आत घेतलं. पुण्यात हा प्रश्न विचारला गेला होता की नाही, हे काकांना आठवत नव्हतं. मला त्या रात्री ते बराच वेळ सतावत राहिलं.

सकाळी पोट साफ करून बोलावलं होतं. ४० मिनिटं लागली. आवाजाचा त्रास झाला का विचारलं तर म्हणाले, मिलपुढं हा आवाज काहीच नाही.

रेडिओलॉजिस्टने मला शेजारी बसवून चित्रं दाखवली. ग्रंथीच्या अगदी पुढच्या भागात, डावीकडे, १३ मिलिमीटरचा एक काळसर डाग. साधी वाढलेली गाठ गोल असते, तिला स्वच्छ कड असते. हा डाग भिंगासारखा चपटा, कडा पुसलेल्या, कोळशाने काढून बोटाने फासावा तसा. प्रोस्टेटच्या पुढे तंतुमय स्नायूंचा एक पट्टा असतो, तोही असाच काळा दिसतो आणि फसवतो. पण तो मधोमध आणि दोन्ही बाजूंना सारखा असतो, हा डाग एकीकडे होता. डिफ्युजनच्या चित्रातही तिथे पाण्याची हालचाल अडलेली स्पष्ट दिसत होती. पाय-रॅड्स ४, पाचपैकी.

ग्रंथी आता ४४ सीसीची होती. पीएसए भागिले आकारमान याला पीएसए घनता म्हणतात. ती ०.१५ च्या वर गेली की संशय वाढतो. छापील ४.० धरून ती येत होती ०.०९, निर्धास्त व्हावं अशी. दुपटीने, ८.० धरून ०.१८. गोळी चालू असताना हे गणित अंदाजापुरतंच असतं, पण एका गोळीचा विसर पडल्याने माणूस रेषेच्या कुठल्या बाजूला जाऊन पडतो, हे त्यावरून कळतं.

तीन वर्षांपूर्वीची बायोप्सी कोरी का निघाली, याचं उत्तरही त्या डागाच्या जागेत होतं. गुदद्वारातून बोट पोहोचतं ते ग्रंथीच्या मागच्या भागाला. सुईही मागून शिरते आणि नेहमीच्या १२ तुकड्यांत पुढचा भाग बहुतेक वेळा सुटतो. त्या डॉक्टरांनी काही वावगं केलं होतं असं मला वाटत नाही. गाठ कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, एवढंच.

बायोप्सी, दुसऱ्या वाटेने

आता ‘दिसलं तर बघू’ची वेळ आली होती. मी काकांना संगणकावर डाग दाखवला. मला वाटतं, सगळ्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला. फिटर माणूस, बिघाड कुठे आहे हे डोळ्यांनी बघितल्यावर त्यांचे प्रश्नच बदलले. “इथपतूर सुई नेणार कशी?”

गुदद्वारातून न जाता, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई घालता येते. तिथे आतड्याचे जंतू वाटेत येत नाहीत, त्यामुळे आधीसारखा संसर्ग होण्याचा धोका बराच कमी. शिवाय पुढचा भाग त्या वाटेने सरळ समोर येतो. एमआरआय आणि सोनोग्राफीची चित्रं एकमेकांवर बसवणारी यंत्रणा आमच्याकडे नाही. एमआरआयची चित्रं समोर ठेवून, खुणा जुळवून, मनाने जागा ठरवून सुई मारावी लागते. रेडिओलॉजिस्ट त्या दिवशी स्वतः ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन थांबले. ते आले नसते तर मी काकांना पुण्याला पाठवलं असतं.

कमरेखाली भूल देऊन डागातून चार तुकडे घेतले, आणि उरलेल्या ग्रंथीतून १२. ताप आला नाही. काकू पुढचे चार दिवस रोज सकाळी फोन करून तेवढंच सांगायच्या : ताप नाही.

रिपोर्ट : डागातल्या चारपैकी तीन तुकड्यांत कॅन्सर, ग्लिसन (पेशी किती आक्रमक दिसतात याचा गुणांक) ३+४=७, म्हणजे पाचपैकी दुसरी श्रेणी. उरलेल्या १२ पैकी एकाच तुकड्यात, दोन मिलिमीटर, ३+३=६. नुसते १२ तुकडे घेतले असते तर हाती आला असता तो सौम्यातला सौम्य कॅन्सर, आणि मुख्य गाठ दुसऱ्यांदा सुटली असती.

उपचाराचा निर्णय

इथे घाई नव्हती, आणि ते पटवणं हेच मोठं काम होतं. ‘कॅन्सर’ शब्द कानावर पडल्यावर मुलगा त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख मागत होता. ब्रिटनच्याच प्रोटेक्ट अभ्यासात १,६४३ पुरुषांचा १५ वर्षं पाठपुरावा झाला. देखरेख (लगेच उपचार न करता तपासण्या करत राहणं), शस्त्रक्रिया आणि किरणोपचार, तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने झालेले मृत्यू तीन टक्क्यांच्या आसपास होते. हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

देखरेख करता आली असती, पण चौथ्या प्रतीच्या (ग्लिसनमधला ४, म्हणजे जास्त आक्रमक) पेशी तुकड्यांत थोड्याथोडक्या नव्हत्या, आणि पुन्हा पुन्हा सुई हे काकांना मान्य नव्हतं. किरणोपचार चालला असता, पण लघवीचा अडथळा मुळातच होता. शस्त्रक्रियेने दोन्ही प्रश्न सुटणार होते. काकांनी तीन आठवडे घेतले आणि शस्त्रक्रिया निवडली. ती पुण्यात रोबोटच्या मदतीने झाली.

निष्पत्ती

काढलेल्या ग्रंथीत गाठ १८ मिलिमीटरची निघाली. एमआरआयने १३ सांगितली होती, ती असा आकार कमी दाखवते हे माहीत आहे. ग्लिसन ३+४ कायम, कॅन्सर ग्रंथीच्या आतच, कडा मोकळ्या (कापलेल्या कडेवर कॅन्सर नाही). सहा आठवड्यांनी पीएसए ०.१ च्या खाली, वर्षभराने तसंच. लघवी गळणं चार महिने चाललं. त्या काळात काका गावातल्या लग्नांना गेले नाहीत.

लैंगिक संबंधांबद्दल मी शस्त्रक्रियेआधी एका वाक्यात बोललो होतो, काकू शेजारी असताना. तिसऱ्या भेटीत काका एकटे आले तेव्हा कळलं की त्यांना ते वाक्य समजलंच नव्हतं, आणि नंतर विचारायला संकोच वाटत होता. औषधाने आता काही फरक आहे. ते बोलणं आधी, दार लावून, स्पष्ट व्हायला हवं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या बायोप्सीआधीच एमआरआय झाली असती तर? तेव्हा गाठ दिसण्याइतकी होती का, हे सांगता येणार नाही. पण पुढच्या भागाकडे कुणाची तरी नजर गेली असती, आणि कदाचित त्या सहा दिवसांच्या तापाचं कारणच उरलं नसतं. ब्रिटनमध्ये २०१९ पासून संशयितांना आधी एमआरआय हाच मार्गदर्शक नियम आहे. आपल्याकडे चांगली एमआरआय आणि ती वाचणारा माणूस एकाच गावात मिळेल अशी खात्री नसते, म्हणून क्रम उलटा पडतो.

काकांना कॉन्ट्रास्टची गरज होती का, याचाही मी नंतर विचार केला. निदान टी-टू (ग्रंथीची रचना दाखवणारं) आणि डिफ्युजन या दोन चित्रांवरच झालं. २०२५ मध्ये आलेल्या प्राइम अभ्यासात कॉन्ट्रास्टशिवायची एमआरआय, चित्रं चांगली असतील तर, महत्त्वाचे कॅन्सर शोधण्यात कमी पडली नाही. इंजेक्शन नाही, वेळ कमी, खर्च कमी. तालुक्यातून येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. पण त्यातली ‘चित्रं चांगली असतील तर’ ही अट पुण्याच्या पहिल्या तपासणीने पाळली नव्हती.

आता पीएसएच्या चिठ्ठीवर मी ‘ड्युटास्टेराइड चालू, कधीपासून’ हे लिहितो, आणि केस पेपरवर आकडे एका ओळीत, तारखांसह मांडतो. लॅबशी बोलून पाहिलं. त्यांच्या संगणकात औषधाची जागाच नाही.

दोन महिन्यांपूर्वी काका धाकट्या भावाला घेऊन आले. वय ५८, त्रास काही नाही, पीएसए ४.४, कसलीही गोळी नाही. सख्ख्या भावाला कॅन्सर म्हणून घर धास्तावलेलं. मिरजेलाच एमआरआय केली : ग्रंथी ५५ सीसी, पाय-रॅड्स २, घनता ०.०८. बायोप्सी केली नाही. एमआरआय स्वच्छ असली तरी थोडे कॅन्सर तिलाही चकवतात आणि घराण्याचा इतिहास आहे, म्हणून सहा महिन्यांनी पीएसए करायचं ठरलं. भावाला ते पुरेसं वाटेना, त्याला सुई टोचून एकदाचं मोकळं व्हायचं होतं. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आधी फोटू बघितलाय न्हवं त्यांनी? मग दम काढ.”